पद्मिनीचा डॅशबोर्ड आणि काचेची रबरं : मृगाआधी उरकायचं काम

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी चढायला लागलं, तेव्हा आम्ही गावभागातल्या घरासमोरची आमची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी काढून विश्रामबागेत मावशीच्या दारात नेऊन लावली. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. आमच्या तळमजल्यात छातीइतकं पाणी होतं, पण गाडीच्या टायरलाही पुराचा थेंब लागला नाही. पाणी ओसरल्यावर गाडी आणायला गेलो. दार उघडताच कुबट वास आला. डावीकडची मॅट उचलली तर खाली दोन बोटं पाणी. डॅशबोर्डचं रेक्झिन डाव्या कोपऱ्यात फुगून पापुद्र्यासारखं सुटलं होतं आणि त्याखालचा फोम बोट लावताच ओल्या भुशासारखा हातात आला. महापूर चुकवला, आणि दहा-बारा दिवसांच्या साध्या पावसानं गाडी आतून भिजवली.

जास्त वाईट याचं वाटलं की दोनच वर्षांपूर्वी तो डॅशबोर्ड मी नवीन रेक्झिन चढवून घेतला होता. काम देखणं झालं होतं, पण काचेच्या रबराला कुणी हात लावला नव्हता. मीही सांगितलं नव्हतं. मिरजेतल्या एका जुन्या मिस्त्रीमामांनी काचेच्या कोपऱ्यात नख घालून रबराचा तुकडा सहज मोडून दाखवला आणि म्हणाले, "मालक, छप्पर गळतंय आन् तुम्ही भितीला रंग देताय." त्यानंतर माझी गाडी आणि ओळखीतल्या तीन गाड्या अशी चार कामं झाली. चारही वेळा क्रम एकच ठेवला : आधी पाण्याची वाट, मग पत्रा, मग काच आणि रबर, आणि डॅशबोर्डची सजावट सगळ्यात शेवटी. पुढे जे लिहिलंय ते याच क्रमानं.

गाडीबद्दल थोडं

वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट निघू लागली. पुढे ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. (पुराच्या त्या दिवसांत आमची पद्मिनी विश्रामबागेत उभी होती, म्हणजे वालचंद कॉलेजच्याच परिसरात. घरात याचं सगळ्यांना कौतुक.) साडेतीन दशकं गाडी निघत राहिली, त्यामुळे आतल्या वस्तू सगळ्यांत सारख्या नाहीत. जुन्या गाड्यांत डॅशबोर्ड म्हणजे बराचसा रंगवलेला पत्रा, तर नंतरच्यांत काळं गादीदार आवरण. मधल्या वर्षांत कुणी काय बदललं याचा तर हिशोबच नाही. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचे फोटो बघून सामान मागवू नका. तुमच्या गाडीतून निघालेला तुकडा हाच तुमचा नमुना. अँबेसेडर किंवा इतर जुनी गाडी असली तरी पद्धत हीच, फक्त स्क्रूच्या जागा वेगळ्या.

कामाला फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला. सांगलीचं कोरडं ऊन पत्रा वाळवायला आणि नवं रबर मऊ करायला उपयोगी पडतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागायच्या आत गाडी बंद झाली पाहिजे. मधेच वळवाची सर येते, तेव्हा काच काढलेली गाडी छपराखालीच असू द्या. शनिवार-रविवार मिळत असतील तर चार आठवडे धरा. रोज वेळ असेल तर आठवडाभरात होतं.

पाणी कुठून येतं?

काहीही उघडण्याआधी हे शोधायचं. मॅट आणि खालचं फेल्ट काढून टाका, पत्रा पुसून कोरडा करा. एक माणूस टॉर्च घेऊन आत डॅशबोर्डखाली डोकं घालून बसेल, दुसरा बाहेरून पाईपनं पाणी सोडेल. पाण्याला जोर नको. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्यानं चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसतं आणि तुमची फसगत होते. पाईपचं तोंड मोकळं ठेवून पाणी नुसतं वाहू द्या, आणि खालून वर जा. आधी बॉनेटमागची हवेची जाळी, मग वायपरच्या दांड्यांची बुडं, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी वरची कड. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी वाट कळत नाही.

आत बसलेल्या माणसानं संशयाच्या जागेखाली टाल्कम पावडर भुरभुरून ठेवावी. पाण्याचा ओघळ पावडरीत रेघ काढतो आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे गळती. माझ्या गाडीत दोन रेघा निघाल्या. एक काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून, ती अपेक्षितच होती. दुसरी वायपरच्या दांडीच्या ग्रोमेटमधून, म्हणजे पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्यातून, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढं रबर, पण ते वाळून फुटलं होतं आणि त्याखालीच वायरींचा झुबका होता.

बॉनेटमागच्या जाळीखाली पाणी जायला वाट असते. तिच्यात चिंचेचा, कडुनिंबाचा पाला अडकून चिखल झाला की पाणी तुंबतं आणि आत उतरतं. रबर बदलण्याआधी ही वाट तारेनं मोकळी करा. कधी कधी निम्मी गळती इथेच थांबते.

रबर आणि रेक्झिन का मरतात

हे कळलं की बाजारात चुकीची वस्तू गळ्यात पडत नाही. जुनी रबरं बहुतेक नैसर्गिक रबराच्या मिश्रणाची. हवेतला ओझोन आणि ऊन त्याला खातात. ताणलेल्या जागी, म्हणजे कोपऱ्यांवर, आडव्या बारीक चिरा पडतात आणि रबर दगडासारखं होतं. आता ईपीडीएम नावाचं रबर मिळतं. ते ऊन-पावसाला पुष्कळ टिकतं, म्हणून काचेला आणि दाराला तेच मागा. मात्र तेल, डिझेल, रॉकेल, ग्रीस यांनी ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. रबर काळं दिसावं म्हणून डिझेलचा बोळा फिरवायची सवय आपल्याकडे जुनी आहे. ती सोडा. पेट्रोल टाकीच्या तोंडाशी जिथे इंधन लागतं तिथे नायट्राइल रबर हवं. तिथलं काचेला आणि काचेचं तिथे चालत नाही.

रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. त्याला मऊ ठेवणारा अंश उन्हात हळूहळू उडून जातो. काचेच्या आतल्या बाजूला जो तेलकट धूसर थर बसतो, तो बराचसा हाच. अंश गेला की रेक्झिन आखडतं, मग तडकतं. सांगलीत एप्रिल-मेमध्ये बंद गाडी उन्हात उभी असेल तर डॅशबोर्डचा वरचा भाग 70 अंशांच्याही पुढे तापू शकतो, हे पुढे गम निवडताना लक्षात ठेवा.

डॅशबोर्ड उतरवणं

बॅटरीची अर्थची तार, म्हणजे बॉडीला जोडलेली, आधी काढा. डॅशबोर्डमागे जुन्या वायरींचं आवरण इतकं ठिसूळ झालेलं असतं की पाना टेकला तरी ठिणगी पडते.

मग फोटो. डॅशबोर्डखालून, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक स्विचच्या मागून. प्रत्येक वायरीला मास्किंग टेपची चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर रंग न लिहिता काम लिहा : "हेडलाइट", "वायपर", "पेट्रोल काटा". पन्नास वर्षांत रंग उडून सगळ्या वायरी मातकट झालेल्या असतात. स्क्रूंसाठी मी रिकाम्या काडेपेट्या वापरतो, वर लिहून : "मीटर, डावा वरचा". स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर मागची वायर फोडतो.

चोकचं आणि इतर बोंडं (नॉब) ओढून काढायची नाहीत. बहुतेकांच्या मानेवर बारीक भोक असतं. त्यात आतली खिट्टी दाबली किंवा बारीक स्क्रू सैल केला की बोंड हातात येतं. बॅकेलाइटचं जुनं बोंड ओढाताणीत फुटलं तर तसंच दुसरं मिळता मिळत नाही.

स्पीडोमीटरची केबल मागून गोल खाचेदार नटानं बसवलेली असते. हातानं सुटते. सुटत नसेल तर थोडं डब्ल्यूडी-40 मारून दहा मिनिटं थांबा. पक्कड लावून पिळलं तर मीटरची मान तुटते. मीटरचे दिवे नुसते दाबून बसवलेले असतात, ते होल्डरसकट ओढले की येतात. केबल सुटलीच आहे तर आतली तार काढून पुसून तिला हलकं ग्रीस लावा, पण मीटरकडच्या वरच्या वीतभर भागाला नको. तिथलं ग्रीस फिरत फिरत मीटरमध्ये चढतं आणि काटा नाचायला लागतो.

आवरणाच्या पट्ट्या क्लिपांवर बसलेल्या असतात. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचलल्या तर पत्र्यावर खड्डा आणि पट्टीला कायमचा बाक. जुन्या प्लॅस्टिक पट्टीचा तुकडा किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी घालून क्लिपेच्या अगदी शेजारून उचला आणि एकेक क्लिप सोडवत पुढे जा. मोडलेलं काहीही फेकू नका, चार तुकडे असले तरी जोडून ठेवा.

पत्रा

आवरण निघालं की खरी गाडी दिसते. काचेखालच्या कडेला, जिथे रबर पत्र्याला मिठी मारतं, तिथे गंज असतोच. ही कड खाल्लेली असेल तर कितीही चांगलं रबर बसवा, पाणी येणार. तारेच्या ब्रशनं सैल गंज काढा, टोकदार पोगरानं टोचून पाहा. आरपार गेलं तर डेंटरकडून पत्र्याची पट्टी वेल्ड करून घ्या. लांबी (पुटी) भरून किंवा एम-सील थापून कड उभी करायचा मोह आवरा. काच बसवताना त्या कडेवर दाब येतो आणि भरलेलं सगळं तिथेच फुटतं.

वरवरचा गंज असेल तर फॉस्फोरिक आम्लाचं गंज-रिमूव्हर, धुवून पूर्ण वाळवणं, 220 नंबरचा पॉलिश पेपर, मग एपॉक्सी प्रायमरचे दोन हात. नुसतं रेड ऑक्साइड पाणी शोषतं, त्याच्यावर भागवू नका. प्रायमर कडेच्या दोन्ही बाजूंना आणि वरच्या धारेलाही लागला पाहिजे. धार नेहमी राहून जाते आणि गंज तिथूनच सुरू होतो. रंग चढवल्यावर किमान दोन दिवस तसाच कडक होऊ द्या, नाहीतर रबर बसवताना त्याच्या ओठाखाली, म्हणजे पत्र्यावर चढणाऱ्या पातळ कडेखाली, रंग सोलून निघतो.

काच काढणं आणि रबर निवडणं

आधी काच कोणती ते पाहा. कोपऱ्यातली खूण वाचा किंवा कडेनं बघा. दोन काचांमध्ये पातळ थर दिसला तर लॅमिनेटेड, नाहीतर टफन्ड. लॅमिनेटेड काच वाकडा दाब पडला की लांब तडकते. टफन्ड काच दाब सोसते, पण कडेला हातोडीची टिचकी लागली तरी साबुदाण्यासारखी सगळी सांडते. दोन्हींत हातमोजे आणि दोन माणसं हवीतच.

वायपर काढा. रबरात बसवलेली चकाकी पट्टी (शोभेची चकचकीत पट्टी) कशी निघते ते नीट बघा आणि लिहून ठेवा, कारण काही रबरांत ही पट्टी काच बसवण्याआधी रबरात घालायची असते आणि काहींत नंतर. जुनं रबर वाचवायच्या फंदात पडू नका. धारदार कटरनं बाहेरचा ओठ काचेच्या कडेनं पूर्ण कापून काढा. मग एकानं आतून वरच्या कोपऱ्यांपाशी तळव्यानं हळूहळू दाबायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून झेलायचं. काच गादीवर आडवी ठेवा. उभी टेकवायची असेल तर खाली घोंगडी घाला.

नवं रबर घ्यायला जाताना मी जुन्या रबराचा एक सरळ काप घेतो, सुपारीच्या खांडाएवढा. तो शाईच्या पॅडवर दाबून कागदावर शिक्का मारतो. तीन मापं लख्ख उमटतात : काचेच्या खाचेची रुंदी, पत्र्याच्या खाचेची रुंदी आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीची जाडी. हा कागद आणि काप पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत सीएसटी रोडला दाखवला की दुकानदार "पद्मिनीचं द्या" म्हटल्यावर देतो त्यापेक्षा वेगळं रबर काढून देतो, असा माझा दोनदा अनुभव आहे. जुनं रबर आखडलेलं असतं, म्हणून शिक्क्यावरची मापं किंचित कमी भरतील. काचेची जाडी आणि पत्र्याच्या कडेची जाडी स्वतंत्रपणे व्हर्निअरनं मोजून त्याच कागदावर लिहा. नवं रबर दुकानातच दुमडून बघा. दुमडीवर बारीक चिरा किंवा पांढरट रेघ दिसली तर माल वर्षानुवर्षं पडून राहिलेला आहे.

कोपरे साच्यात काढलेलं, अखंड गोल रबर मिळालं तर तेच घ्या, महाग पडलं तरी. मीटरवर मिळणारं घेतलं तर जोड वरच्या कडेला मधोमध येईल असं ठेवा, खालच्या कडेला पाणी साचतं. आणि लांबी मापापेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त कापा, रबर दाबत दाबत बसवा. ताणून बसवलेलं रबर पहिल्याच उन्हाळ्यात परत आखडतं आणि जोड उघडा पडतो.

काच बसवणं

नवं रबर तासभर उन्हात टाका, मऊ पडतं. काच धुवून तिच्या कडेभोवती रबर चढवा. आता पत्र्याच्या खाचेत, सगळीकडून फिरवून, चार-पाच मिलीमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉन दोरी बसवा. दोरीची दोन्ही टोकं खालच्या कडेला मध्यावर एकमेकांवरून वीतभर जातील अशी आणि आतल्या बाजूला लोंबत ठेवा. खाचेत आणि पत्र्याच्या कडेवर भांड्याच्या साबणाचं पाणी भरपूर लावा. तेल नाही, ग्रीस नाही.

दोघांनी काच बाहेरून खिडकीत टेकवायची, खालची कड आधी, नेमकी मध्यावर. मग एक आत, एक बाहेर. आतल्यानं दोरीचं एक टोक काचेला समांतर, मधल्या दिशेनं हळूहळू ओढायचं. दोरी निघते तसा रबराचा आतला ओठ पत्र्याची कड ओलांडून आत येतो. ज्या जागी दोरी ओढली जातेय, तिथेच बाहेरच्या माणसानं उघड्या तळव्यानं काचेवर थापट्या मारत दाबायचं. एका टोकानं कोपऱ्यापर्यंत, मग दुसऱ्या टोकानं दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, मग दोन्ही बाजू, शेवटी वरची कड. कोपऱ्यात दोरी अडली तर झटका देऊ नका. अर्धा इंच मागे घ्या, साबणपाणी सोडा, परत ओढा. माझ्या पहिल्या खेपेला वरच्या उजव्या कोपऱ्यात ओठ आत दुमडला. मी तसाच ओढत राहिलो आणि ओठ दोन इंच फाटला. सगळी काच परत काढावी लागली, रबर नवं आणावं लागलं.

काच बसली की लगेच सीलंट भरू नका. एक दिवस उन्हात राहू द्या, रबर आपली जागा घेतं. मग बाहेरचा ओठ प्लॅस्टिकच्या पातीनं उचलून रबर आणि पत्र्याच्या मध्ये न सुकणारं मॅस्टिक (फटी बुजवायचा चिकट लगदा) पिचकारीनं भरा, विशेषतः खालच्या कोपऱ्यांत. बाथरूमचं स्वस्त सिलिकॉन इथे घालू नका. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं आणि रबराखाली, डोळ्यांआड, पत्रा गंजवतं. शिवाय पुढच्या वेळी रंग त्याच्यावर धरत नाही. बाहेर आलेलं मॅस्टिक पांढऱ्या स्पिरिटच्या फडक्यानं लगेच पुसा, फडकं ओलं नको, दमट हवं.

वायपरचे ग्रोमेट, वायरी आत जातात तिथले ग्रोमेट, स्टीअरिंग कॉलमभोवतीचं रबर, केबलींची रबरं, हे सगळं याच वेळी बदला. किंमत किरकोळ असते आणि नंतर तिथे हात पोचत नाही.

दारांची रबरं

दाराचं रबर जाड घेतलं की पाणी थांबतं, हा गैरसमज. जाड रबरानं दार आपटावं लागतं, बिजागऱ्या बसतात आणि वरची चौकट बाहेर फाकून तिथूनच पाणी येतं. फट मोजायला घरचा उपाय आहे. कणकेच्या छोट्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून दाराच्या चौकटीवर सात-आठ ठिकाणी चिकटवा, दार नीट बंद करा, उघडा आणि चपट्या झालेल्या प्रत्येक गोळीची जाडी मोजा. आमच्या उजव्या पुढच्या दाराला खाली सहा मिलीमीटर आणि वर अकरा मिलीमीटर निघालं. म्हणजे दोष दाराच्या बसण्यात होता, रबरात नव्हता. आधी बिजागरीखाली पत्री घालून दार सरळ केलं, मग रबर आणलं. पोकळ नळीचं रबर दार बंद झाल्यावर साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे.

जुना गम पूर्ण खरवडा. नवं रबर वरच्या कोपऱ्यापासून लावत या, वळणावर ताणू नका, जोड खाली उंबऱ्यावर आणा. मग दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडत यायला हवी. जिथे सहज सुटते तिथे फट आहे.

खिडकीच्या काचेखालच्या पट्ट्या आणि फेल्टचं चॅनेल यांना फार वेळ लागत नाही, पण राहू देऊ नका. त्यांच्यातून पाणी दारात उतरतं. ते दाराच्या तळच्या भोकांतून बाहेर जायला हवं, म्हणून ती भोकं खिळ्यानं मोकळी करा.

आता डॅशबोर्ड

पाईपच्या पाण्याची चाचणी पुन्हा घेऊन पत्रा कोरडा राहतोय हे दिसल्याशिवाय इथे येऊ नका.

जुनं आवरण हलकं गरम करून, मऊ पडलं की एका तुकड्यात काढा, कारण तोच कापणीचा नमुना. फोमचा भुगा झाला असेल तर पूर्ण खरवडून टाका. नवा फोम बंद छिद्रांचा, कडक घ्या. गादीचा मऊ फोम पाणी पितो आणि उन्हात काही वर्षांत पीठ होतो. जाडी जुन्याइतकीच हवी. दोन मिलीमीटर जास्त झाली तरी मीटरची चौकट बसत नाही.

रेक्झिन बिनचमकीचं घ्या. चमकदार काळं रेक्झिन काचेत प्रतिबिंब पाडतं आणि दुपारी समोरचा रस्ता दिसत नाही. मागचं कापड दोन्ही दिशांना ताणलं जाणारं, विणलेलं हवं. सगळ्या बाजूंनी दोन इंच जास्त कापा.

गम फेव्हिकॉल एसआरच्या जातीचा, पण उष्णतेला टिकणारा मागा. साधं सोल्युशन मेमध्ये पाघळतं आणि कडा वर येतात. दोन्ही पृष्ठभागांना पातळ हात लावा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं थांबा. इथे घाई झाली की आत वाफ अडकून फुगे येतात. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, जवळ विडी-सिगारेट नको, शेगडी नको. गमाची वाफ पेट घेते आणि डोकंही दुखवते.

चिकटवायला सुरुवात मध्यावरून. मधली वीतभर पट्टी बसवा, मग डावीकडे एक वीत, उजवीकडे एक वीत, असं टोकांकडे जा. वळणावर हेअर ड्रायरनं गरम करून तळव्यानं ओढत बसवा. बोटांनी ओढलं तर बोटांचे खळगे राहतात. वळलेल्या कडेवर मागे चीर द्यावी लागते, पण ती दर्शनी कडेपासून पाच-सहा मिलीमीटर अलीकडे थांबली पाहिजे. त्यापुढे गेली तर वर्षभरात समोर दिसायला लागते. हे काम जमेलच असं नाही. वळण फार असेल तर चांगल्या कुशनवाल्याकडे सुटा पॅड नेऊन द्या, त्यात कमीपणा नाही. फक्त फोम आणि गम तुमच्या पसंतीचे द्या.

एका मित्राच्या विलायती गाडीला अक्रोडाची लाकडी पट्टी होती. मिरजेत सतारींना पॉलिश करणाऱ्या एका कारागिराकडे ती नेली. त्यांनी पट्टी उन्हाकडे धरून पाहिली आणि लाखेचं पॉलिश लावायला नकार दिला. लाख उन्हात मऊ पडते आणि पाणी लागलं की पांढरी होते, वाद्य सावलीत राहतं म्हणून तिथे ती शोभते, असं त्यांचं म्हणणं. पट्टीला शेवटी पॉलियुरेथेनचे पातळ पाच हात दिले.

चकाकी पट्ट्यांना हात लावण्याआधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर क्रोम केलेलं पोलाद : अॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासला की वरचा गंज जातो. चिकटलं नाही आणि हाताला थंड लागलं तर अॅल्युमिनियम किंवा जस्ताचं ओतीव. साध्या अॅल्युमिनियमला ब्रासो चालतं, अॅनोडाइज केलेल्याला (विजेनं वर संरक्षक थर चढवलेल्याला) नाही. हलकी आणि कोमट लागली तर प्लॅस्टिकवरचा मुलामा, तिला साबणपाण्याखेरीज काही लावू नका, मुलामाच निघून येतो. नव्या क्लिपा बसवताना प्रत्येक भोकात मॅस्टिकचा ठिपका द्या.

जोडणी उतरवल्याच्या उलट्या क्रमानं. सगळे स्क्रू आधी अर्धेच पिळा, पॅनेल सरकवून फटी सारख्या करा, मग घट्ट. जुन्या पत्र्याच्या भोकांत स्क्रूला पकड नसेल तर जाड स्क्रू घुसवू नका, मागून पत्र्याची नट-क्लिप लावा. बॅटरी जोडण्याआधी चिठ्ठ्या आणि फोटो पुन्हा जुळवा, बॅटरी जोडल्यावर एकेक स्विच चालू करून बघा.

50 वर्षं ओलांडलेल्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद आहे, म्हणून निघालेल्या मूळ पट्ट्या, बोंडं, अगदी तुटका पॅडसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

मॅट आणि फेल्ट मात्र एवढ्यात आत टाकू नका. वळवाच्या दोन सरी उघड्या पत्र्यावर बघा. पहिल्या सरीनंतर डॅशबोर्डखाली हात घालून काचेचे दोन्ही खालचे कोपरे, वायपरचे ग्रोमेट आणि पायाखालचा कोपरा चाचपा. ओल लागली तर त्या कोपऱ्यात बाहेरून आणखी मॅस्टिक भरून परत पाणी सोडून बघा. दुसऱ्या सरीनंतर आमच्या गाडीत डावीकडचा पत्रा कोरडा होता, पावडरही तशीच पांढरी होती. त्या संध्याकाळी नवं फेल्ट कापून बसवलं.